ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडरच्या गोळ्या आणि तो फिरणारा मेसेज

सध्या एक मेसेज खूप फिरतोय, मला स्वतःला तीनदा आलाय. म्हणे सारखी लघवीला लागते म्हणून देतात त्या गोळ्यांनी किडनी जाते, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होतोच, एकदा चालू केल्या की सुटत नाहीत, तोंड कोरडं पडलं म्हणजे विष भिनलं, आणि उपाय काय तर पाणी कमी प्या. माझी आई त्यातलीच सोलिफेनासिन घेते, तिने हा मेसेज वाचून कुणाला न सांगता गोळी बंद केली आणि थोड्याच दिवसांत परत रात्री पाच-पाच वेळा उठायला लागली, अंधारात धावतपळत बाथरूम गाठायचं, या वयात पडली असती तर? म्हणून एकेक मुद्दा घेतेच.

किडनीचं आधी. सोलिफेनासिन, टॉल्टेरोडीन, ऑक्सिब्युटिनिन या गोळ्या मूत्राशयाच्या स्नायूवर काम करतात. ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन त्या स्नायूला आवळायला सांगतं, गोळी तो निरोप अडवते, बस. किडनी आधीच खूप कमजोर असेल तर औषध अंगात साचतं, म्हणून अशा पेशंटला सोलिफेनासिन दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. म्हणजे किडनीचा त्रास डॉक्टरांना आधी सांगायचा, एवढाच त्याचा अर्थ.

तोंड कोरडं पडणं हे विष वगैरे नाही, तेच ॲसिटिलकोलीन लाळेच्या ग्रंथी, आतडी, डोळे यांनाही लागतं, म्हणून तोंड सुकतं, पोट साफ होत नाही, कधी कधी धूसर दिसतं. यातल्या बद्धकोष्ठाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण आतडं भरलेलं असलं की मूत्राशयावर दाब येतो आणि परत घाई सुरू, मग वाटतं गोळीच लागू पडत नाही. त्रास जास्त असेल तर डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. आणि हळूहळू विरघळणारी गोळी गिळायला जड जाते म्हणून कुटून देऊ नका प्लीज, सगळा डोस एकदम अंगात उतरतो.

आता डिमेन्शिया, हा मुद्दा पूर्ण खोटा नाही म्हणूनच जास्त घाबरवतो. 2015 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता, 65 च्या पुढचे साधारण 3,400 लोक, त्यात या जातीची, म्हणजे ॲसिटिलकोलीन अडवणारी औषधं वर्षानुवर्षं आणि जास्त प्रमाणात घेणाऱ्यांत डिमेन्शिया जास्त दिसला. पण संबंध दिसला म्हणजे गोळीनेच झाला असं सिद्ध होत नाही, आणि त्या यादीत फक्त ब्लॅडरच्या गोळ्या नव्हत्या, डिप्रेशनच्या आणि ॲलर्जीच्या जुन्या प्रकारच्या गोळ्याही होत्या. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही! धोका बेरजेचा आहे. आईला सर्दी झाली तेव्हा घरातलीच क्लोरफेनिरामाइनवाली गोळी दिली आम्ही, दोन दिवस ती गोंधळल्यासारखी, वार विसरत होती, डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या समोर ठेवायला सांगितल्या तेव्हा कळलं की दोन्ही एकाच जातीच्या. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी देतात ती ॲमिट्रिप्टिलिनही त्यातलीच. वय जास्त असेल, विसरायला होत असेल तर मिराबेग्रॉनसारखा पर्याय आहे, ते वेगळ्या मार्गाने काम करतं, फक्त बीपी वाढू शकतं, म्हणून बीपी तपासत राहावं लागतं आणि 180/110 च्या वर असेल तर ते देत नाहीत.

सुटत नाहीत म्हणे. सवय लागणारी औषधं नाहीत ही. बंद केली की जुना त्रास परत येऊ शकतो, त्याला व्यसन म्हणत नाहीत. पूर्ण फरक दिसायला मात्र चार ते आठ आठवडे लागू शकतात, आठवड्यात निकाल लावू नका.

पाणी कमी पिण्याचा सल्ला तर उलटाच. लघवी दाट झाली की मूत्राशय जास्त चुरचुरतं आणि बद्धकोष्ठ वाढतं ते वेगळंच. चहा-कॉफी कमी करा, झोपायच्या आधी दोन-तीन तास पाणी आवरा, पण दिवसभर व्यवस्थित प्या.

खरं घाबरायचं कुठे ते त्या मेसेजमध्ये एका ओळीत पण नाही. लघवीला लागलीय पण होतच नाही आणि ओटीपोट फुगून दुखतंय, डोळा लाल होऊन भयंकर ठणकतोय, ओठ-जीभ-चेहरा सुजलाय, यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता लगेच हॉस्पिटल गाठा. आणि काचबिंदू असेल किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडकत असेल तर पहिली गोळी घ्यायच्या आधीच डॉक्टरांना सांगा.