लॉनचे बारा

घर बांधून झालं आणि पुढं सहाशे चौरस फूट जागा उरली. आमच्या जुळे सोलापुरात अशा जागेचं काय करायचं याबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. शहाबादी फरशी टाकायची, एका कोपऱ्यात कढीपत्ता लावायचा आणि खाली हौद खणायचा. मला मात्र लॉन हवं होतं. का, ते आता नीट सांगता येत नाही. एकदा ट्रेनिंगला पुण्याला गेलो होतो तेव्हा तिथल्या हिरवळीवर सकाळी अनवाणी चाललो होतो, एवढंच निमित्त.

"अहो, आपल्याकडं चार दिवसाआड पाणी येतं," बायको म्हणाली.

"गवताला असं कितीसं पाणी लागतंय?" मी म्हणालो.

या वाक्याची आमच्या घरात अजूनही महिन्यातून दोनदा उजळणी होते.

हिशेब मी नंतर केला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमची जागा ५६ चौरस मीटर. एप्रिलच्या उन्हात गवताला रोज सहा-सात मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे दिवसाला साडेतीनशे लिटर. घरात आम्ही चार माणसं. नळ आला की रात्री-बेरात्री उठून हौद, टाकी, पातेली, कळशा आणि शेवटी मिक्सरचं भांडंसुद्धा भरून ठेवणारी. त्यात हा पाचवा मेंबर आला आणि तो एकटाच आम्हा चौघांच्या बरोबरीनं प्यायला लागला. उजनी धरणाचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून सोलापूरला येतं. ते आणून गवतावर ओतायला माझंही मन धजेना. म्हणून बोअर घेतला. बोअरला पाणी लागलं, पण त्याचा चहा केला तर नासायचा. गवताला चहा लागत नाही, असा युक्तिवाद मी केला.

नर्सरीत जाऊन मी मेक्सिकन गवत मागितलं. नर्सरीवाल्यानं माझ्याकडं, मग वर सूर्याकडं आणि पुन्हा माझ्याकडं बघितलं. "सर, मेक्सिकन लई नाजूक बघा. आपल्या उन्हात नखरे करतंय. तुम्ही सिलेक्शन वन घ्या. क्रिकेटच्या ग्राउंडवर असतंय की, तेच." नावच असं होतं की मी भाव केला नाही. काळ्या मातीत पाणी साचतं म्हणून अर्धा ब्रास तांबडी माती विकत आणली, शेणखत मिसळलं आणि आषाढात लागवड उरकली.

पंधरा दिवसांनी गावाहून अप्पा आले. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात त्यांनी पन्नास वर्षं ज्वारी केलेली. चप्पल काढून ते लॉनच्या कडेला उकिडवे बसले. एक वेल चिमटीत धरून वर ओढला, पेरं मोजल्यासारखी करून बघितली आणि म्हणाले, "ही हरळी हाय."

"अप्पा, सिलेक्शन वन आहे ते."

"आसंल. हरळीच हाय."

मग त्यांनी भाव विचारला. मी निम्माच सांगितला. तरी ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कुंदा आणि हरळी या दोन नावांनी आमच्या घराण्याच्या तीन पिढ्यांच्या कंबरा मोडल्या होत्या. गडी लावून, दोन-दोन फूट खणून, मुळी न् मुळी वेचून बांधावर वाळत टाकायची. पावसाळा आला की ती बांधावरूनच पुन्हा रानात उतरायची. जन्मभर दरोडेखोरांचा पाठलाग केलेल्या फौजदारानं घरी यावं आणि त्यातल्याच एकाशी सोयरीक जुळलेली बघावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"मी पैशे दिऊन काढून घेत हुतो," एवढंच म्हणून ते आत गेले.

खरं सांगायचं तर अप्पांचं बरोबर होतं. नर्सरीवाल्याचं सिलेक्शन वन म्हणजे हरळीचंच शहरात शिकलेलं पोरगं. भाद्रपदात त्याचा पुरावा मिळाला. गणपतीच्या दहा दिवसांत कॉलनीतली निम्मी बायकामंडळी सकाळी सहाला आमच्या फाटकात परडी घेऊन उभी असायची आणि अप्पा ओट्यावर बसून "तिकडची कवळी हाय, तिकडची खुडा" असं मार्गदर्शन करायचे. एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या होऊन माझं लॉन गल्लीतल्या सात-आठ गणपतींच्या डोक्यावर गेलं. छाटणीचा खर्च वाचला.

छाटणीचं मात्र शिकून घ्यावं लागतं. गवताची उंची असेल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एका वेळी कापायचं नाही, नाहीतर मुळं उपाशी राहतात. हे मला कळलं ते ऑक्टोबर हीटमध्ये झिरो नंबरची कटिंग मारल्यावर. दोन दिवसांत लॉनला टक्कल पडलं. वर 'ताकद' म्हणून मी भर उन्हात युरिया टाकला. त्या करपलेल्या चट्ट्यांचा आकार साधारण महाराष्ट्राच्या नकाशासारखा होता, मराठवाड्यासकट.

पाणी मी सुरुवातीला पाइप हातात धरून मारत असे. त्यात पाऊण तास जायचा आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण फाटकाशी थांबून "पाणी मारलालाव व्हय?" असं विचारायचा. ते दिसत असूनही विचारायचा. चार दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हातात वाहता पाइप घेऊन उभा राहिलेला माणूस हा संशयितच असतो. "बोअरचं आहे हो, बोअरचं" असं मी न विचारता सांगू लागलो. शेवटी ठरवलं, स्प्रिंकलर बसवायचा. पहाटे पाचला आपोआप सुरू, सव्वापाचला बंद, बघायला कुणी नाही. शिवाय शास्त्रही तेच सांगतं: दुपारी मारलेलं पाणी बरंचसं वाऱ्यावर जातं, रात्री मारलं तर पातं ओलं राहून बुरशी धरते, पहाट उत्तम.

प्लंबर आला. जमिनीत सहा पॉप-अप फवारे पुरले. एरवी हे मातीत दडून बसतात, पाण्याचा दाब आला की मान वर काढून फिरत फिरत फवारा मारतात. पहिल्या दिवशी व्हॉल्व्ह उघडला, पण एकानंही मान वर काढली नाही. फक्त तोंडाशी बुडबुडे आले.

"सर, प्रेशरच येईना की हो."

"टाकी गच्चीवर आहे की!"

"गच्ची किती? बारा फूट. पाणी दहा मीटर उंच पाहिजे, तवा एक किलो प्रेशर मिळतंय. ह्याला दोन किलो लागतंय. अजून पाच मजले चढवा, नाहीतर मोटार बसवा."

मी मोटार बसवली. ती स्वस्त पडली. मग चाळणीचा फिल्टर, विजेवर उघडमीट करणारा व्हॉल्व्ह आणि भिंतीवर टायमर. साडेपाच बाय चार इंचांचा तो डबा कोठीच्या खोलीत लागला तेव्हा अप्पांनी त्याला लांबूनच बघितलं आणि देव्हाऱ्यातलं कुंकू आणून बोट लावलं. नवीन यंत्र म्हणून असेल, किंवा त्यांना आधीच काही कळलं असेल.

दिवाळीनंतर निगा राखण्याचे व्हिडिओ बघायला बसलो. सगळे अमेरिकेतले. त्यातला तज्ज्ञ निक्षून सांगत होता, थंडीआधी कॉम्प्रेसर लावून पाइपातलं पाणी हवेनं उडवून बाहेर काढा. नाहीतर पाण्याचा बर्फ होतो आणि पाइप फुटतात. मी घाबरून प्लंबरला फोन लावला. तो थोडा वेळ गप्प राहिला. आमच्याकडं जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पारा पंधरा अंशांवर आला की लोक कानटोपी घालून, चादर पांघरून भाकरीबरोबर शेंगाचटणी खातात. बर्फ आम्हाला फक्त रसवंतीत भेटतो.

"सर," तो म्हणाला, "हवा मारायला कॉम्प्रेसर कशाला? नळ आला की आधी अर्धा तास हवाच येती की."

आपल्याकडं पाइप थंडीनं नाही, उन्हानं मरतो. उघड्यावरचा पांढरा पीव्हीसी दोन उन्हाळ्यांत कडक बिस्किटासारखा होतो आणि पाय लागला की टचकन मोडतो. ते त्यानं मला नंतर समजावलं. तेव्हा आम्ही वर राहिलेला तुकडा सहा इंच खाली गाडून घेतला.

खरा छळ क्षारांचा. बोअरच्या पाण्यानं फेब्रुवारीत एकेक नोझल बसायला लागलं. नोझल म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी वस्तू. फिरवून काढली की खाली चहाच्या गाळणीचं पिल्लू शोभावी अशी जाळी निघते. तिच्यावर गिझरच्या कॉइलवर जमतो तसा पांढरा खरवड बसलेला. ही रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवायची आणि जुन्या टूथब्रशनं घासायची. टोचायचं काही नाही, कारण भोक एवढंसं मोठं झालं तरी फवाऱ्याची धार होते. हे वाचायच्या आधी मी बायकोची सेफ्टी पिन वापरली होती. त्या नोझलनं नंतर महिनाभर लॉनवर एक थेंब टाकला नाही. कुंपणापलीकडं शेजाऱ्यांच्या स्कूटीची सीट मात्र रोज पहाटे न चुकता धुतली.

एप्रिल उजाडला. पारा ४२ च्या पुढं. आमची आणि शेजारच्या वहिनींची कुरडई एकत्र होती, दहा किलो गव्हाची. ज्यांनी कुरडई फक्त तळलेली बघितली आहे त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढायचा. तो रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकायचं आणि पाचव्या दिवशी पहाटे चुलीवर मीठ-हिंग घालून हटायचा, हाताला गाठ लागू न देता. मग उन्हं वर यायच्या आत सोऱ्यानं घालायच्या. गच्चीवर कबुतरं फार, म्हणून यंदा लॉनवर बाजा टाकल्या, त्यावर जुन्या सोलापुरी चादरी, त्यावर धुतलेल्या साड्या. आठ वाजेपर्यंत तीनशेच्या आसपास पांढरीशुभ्र चक्रं उन्हात बसली होती. लॉनचा काहीतरी उपयोग झाला, असं बायको प्रथमच म्हणाली.

आदल्या रात्री लाइट गेली होती. ती सकाळी सातला आली. टायमरच्या पोटात घड्याळ चालू ठेवणारा एक सेल असतो. तो कधीच संपला होता, हे मला ठाऊक नव्हतं. त्यामुळं सातला लाइट आली तेव्हा टायमरच्या हिशेबानं रात्रीचे १२:०० वाजले होते. पुढचं गणित सोपं आहे. त्याची पहाट पाच तासांनी झाली. आमच्या घड्याळात तेव्हा भर दुपारचे बारा.

मी पंख्याखाली आडवा होतो. बाहेर आधी 'फस्स' असा आवाज आला. बाजांच्या मधून सहा नागांनी एकदम फणा काढला. त्या वेळेला कुरडई वरून वाळलेली आणि आत ओली असते, म्हणजे भिजायला सगळ्यांत वाईट मुहूर्त. वहिनींची किंकाळी, बायकोचं "अहोऽऽ", मी कोठीच्या खोलीत. टायमरवर एकूण सहा बटणं, सगळ्यांवर बाण. मी एक दाबलं. पंधरा मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली. दुसरं दाबलं तर घड्याळ लागलं. शेवटी मोटारीचा प्लगच उपटला, तोवर चार-पाच मिनिटं गेली होती.

बाहेर आलो तर सगळी चक्रं पुन्हा चीक होऊन साडीवर पसरत होती. अप्पांनी जवळच्या फवाऱ्यावर घमेलं पालथं घातलं होतं आणि ते त्याच्यावर बसले होते. शांतपणे. धोतर निथळत होतं.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "पाच दिवसांचं काम हो."

स्कूटीच्या सीटचा विषयही त्यांनी त्याच दिवशी काढला.

पुढच्या रविवारी दहा किलोंचा सोऱ्या मी फिरवला. तळहाताला आलेले फोड टायपिंग करताना आठ दिवस आठवण देत होते.

मे महिन्यात बोअर आटला. त्याच सुमारास उजनी मायनसमध्ये गेल्याची बातमी आली. सोलापूरकराला पोराचे मार्क आठवणार नाहीत, पण उजनीचे आकडे पाठ असतात: धरण ११७ टीएमसीचं, त्यातलं ६३ टीएमसी मृतसाठा, आणि मायनस म्हणजे त्या मृतसाठ्याला हात लागला. अशा दिवसांत गवतासाठी टँकर मागवला असता तर गल्लीनं माझ्यावर पाणी सोडलं असतं. मी फवारा बंद केला. लॉन आधी पिवळं, मग काथ्याच्या पायपुसण्याच्या रंगाचं झालं. चालताना कुरकुर वाजायचं. मी खरंच हळहळलो. इतका खर्च, इतकं व्हिनेगर.

अप्पा खुरपं घेऊन आले. एका जागी उकरून खालची पांढरी मुळी दाखवली. टणक, टोकदार, जितीजागती.

"हरळी मरत न्हाय. आम्ही मारून बघितली."

त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच तिच्याबद्दल थोडा आदर होता, असा मला भास झाला.

मृगाचे दोन दणके पडले आणि आठ दिवसांत सगळं हिरवंगार. ना खत, ना टायमर. बोअरलाही पाणी आलं. मी उत्साहानं टायमरमध्ये नवा सेल घातला, घड्याळ दोनदा तपासलं, पहाटेचे पाच लावले आणि निवांत झोपलो.

पहाटे धो-धो पावसाच्या आवाजानं जाग आली. दार उघडून बाहेर आलो. वरून पाऊस कोसळत होता आणि खालून सहाही फवारे माना फिरवत पूर्ण जोरात चालू होते. शेजारच्या बाल्कनीतून वहिनी बघत होत्या. दूधवाला फाटकाशी टोपी धरून उभा होता. अप्पा ओट्यावर चहाची बशी घेऊन बसलेले. मी कोठीकडं पळायला निघालो तर त्यांनी हातानं अडवलं.

"आरं, ऱ्हाऊ दे चालू," ते म्हणाले. "एकट्या पावसानं किती करावं?"