‘लाखात एखाद्यालाच मंगळ असतो’ : खुलासा

‘कडक मंगळ लाखात एखाद्याच्याच पत्रिकेत असतो, पण २८ वर्षं पूर्ण झाली की आपोआप जातो,’ असा मेसेज सध्या लग्न जमवणाऱ्या घरांत फिरतोय. दोन्ही गोष्टी खुद्द पत्रिकेच्या गणितात बसत नाहीत.

लग्नापासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीपासून, मोजून १, ४, ७, ८ किंवा १२व्या स्थानी मंगळ असला की मंगळदोष धरतात. म्हणजे १२पैकी ५ स्थानं, ढोबळमानाने ४० टक्के पत्रिका. काही जण दुसरं स्थानही मोजतात, मग निम्म्या. चंद्राकडूनही पाहिलं तर आकडा साठच्या पुढे जातो. लाखात एक कुठून आलं कोण जाणे!

मंगळ एका राशीत साधारण दीड महिना असतो, लग्नरास मात्र सुमारे दोन तासांनी बदलते. समजा मंगळ सिंहेत आहे. कन्या लग्नावर जन्मलेल्या बाळाला तो १२वा, म्हणजे दोष. तूळ लग्न लागल्यावर पाच मिनिटांनी जन्मलेल्याला ११वा, दोष नाही. तेव्हा वेळ आजीच्या आठवणीतून घेतलेली असेल तर आधी जन्माच्या वेळचा दवाखान्याचा कागद शोधा. लग्नरास बदलण्याच्या सुमारास दहा मिनिटांची चूकसुद्धा ‘मंगळ’ लावू किंवा काढू शकते.

राहिली २८ वर्षांची गोष्ट. पत्रिका जन्मक्षणाच्या आकाशाची असते. वाढदिवसाला त्यातला मंगळ घर बदलत नाही. मेष, वृश्चिक किंवा मकरेतला मंगळ अनेक ज्योतिषी निर्दोष मानतात, पण तो अपवादही राशीचा आहे, वयाचा नव्हे.