पंक्चरवाल्याची हवा सेन्सरवर मारू नका रे भो

सारंगखेड्याची यात्रा झाली, घोड्यांच्या टापांची धूळ सगळ्यांच्या कॅमेऱ्यात गेली आणि तो व्हिडिओ परत ग्रुपवर फिरायला लागला. त्यातलं म्हणणं असं, की कॅमेऱ्याच्या सेन्सरवर (लेन्समागचा भाग, ज्याच्यावर फोटो उमटतो) काच असते म्हणून काही बिघडत नाही, लेन्स काढा, पंक्चरच्या दुकानातली हवा मारा, मग कापसाला सॅनिटायझर लावून पुसा, आणि दर रविवारी हे करा म्हणजे फोटोत डागच येणार नाही. आमच्याकडं लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका पोरानं हे खरंच केलं, म्हणून लिहितोय.

काचेचं खरं आहे. धूळ सेन्सरवर नाही, त्याच्यापुढच्या फिल्टरच्या काचेवर बसते, त्यामुळे नुसत्या हात लावायच्या भीतीनं कॅमेरा कपाटात ठेवायची गरज नाही. पण त्या काचेवर कोटिंग असतं, बारीक खडा दाबून घासला तर ओरखडा पडतो आणि तो जात नाही.

आता हवा. गाडीच्या टायरलाच 30-35 पीएसआय लागतं आणि कंप्रेसरच्या टाकीत त्याच्या कितीतरी वर दाब असतो, शिवाय हवा दाबली की त्यातलं पाणी सुटतं, पिस्टनचं तेलही सोबत येतं. त्या पोराच्या मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेला कॅमेरा) कॅमेरा बंद केला की शटर, म्हणजे पातळ पत्त्यांचा पडदा, सेन्सरपुढे येतं, त्यानं थेट त्याच्यावरच नळी धरली. मी बघितला तेव्हा शटरची एक पत्ती कोपऱ्यातून वाकून बाहेर आली होती आणि बाकीच्यांवर खसखशीएवढे तेलकट थेंब. कॅमेरा हप्त्यावर घेतलेला, लग्नसराई तोंडावर, पोरगं नुसतं माझ्याकडं बघत राहिलं. कंप्युटर साफ करायचा स्प्रेचा डबा पण नको, डबा जरा तिरका झाला की आतला गॅस पातळच बाहेर पडतो आणि काचेवर डाग सोडतो. तोंडानं फुंकर मारली तर थुंकी जाते.

कापूस आपल्याकडं जिनिंगमध्ये ढिगानं आहे पण इथं नको, त्याचे तंतू सुटतात. सॅनिटायझरमध्ये हात मऊ राहावा म्हणून बरेचदा ग्लिसरीन असतं, स्पिरिट उडून जातं आणि ग्लिसरीनचा थर काचेवर राहतो.

आणि दर रविवारी कशाला? लेन्स काढली की नवी धूळ आत जाते, मे महिन्यात आपल्याकडं वारा सुटला की तर बघायलाच नको. आधी डाग खरंच आहे का ते बघा: आयएसओ 100, अपर्चर (लेन्सचं भोक) बारीक म्हणजे एफ/16 नाहीतर एफ/22, फोकस मुद्दाम बिघडवून कोऱ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो, काढताना कॅमेरा थोडा हलवला तरी चालेल. लेन्स बदलूनही तोच काळा ठिपका त्याच जागी आला तर सेन्सरवर आहे. फक्त व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतोय आणि फोटोत नाही, तर सेन्सरचा काही संबंध नाही. लग्नात अपर्चर मोठं ठेवून एफ/2.8 ला शूट करणाऱ्याला बारीक धूळ बहुतेक दिसतच नाही, हतनूर धरणावर पक्षी टिपताना मागं मोकळं आभाळ असलं आणि अपर्चर बारीक केलं की दिसते.

डाग आहेच, तर आधी कॅमेऱ्यातलं सेन्सर क्लिनिंग चालवा, मग पंखा बंद करून खोलीत बसा, बॅटरी फुल करा, क्लिनिंग मोड लावा (तो कसा ते मॅन्युअलमध्ये असतं, बॅटरी मधेच संपली तर शटर पडतं), कॅमेऱ्याचं तोंड खाली करा आणि हातानं दाबायच्या रबरी ब्लोअरनं आठ-दहा वेळा हवा द्या, टोक आत घालू नका. फोटोतला वरचा ठिपका सेन्सरवर खाली असतो, हे लक्षात ठेवा नाहीतर भलतीकडंच हवा मारत बसाल. माझ्या कॅमेऱ्याचं काम जवळजवळ दरवेळी इथंच संपतं.

तेलाचा किंवा चिकटलेला ठिपका ब्लोअरनं हलत नाही, मग स्वॅब (सपाट टोकाची पुसायची काडी). लहान म्हणजे एपीएस-सी सेन्सरला 16 मिमीचा, मोठ्या म्हणजे फुल फ्रेम सेन्सरला 24 मिमीचा, त्यावर सेन्सरसाठीच्या लिक्विडचे एकदोन थेंब, हलक्या हातानं एकदा या टोकाहून त्या टोकाला, स्वॅब उलटा करून एकदा परत, आणि फेकून द्या, तोच पुन्हा वापरला की उचललेला खडा पुन्हा घासला जातो. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय) असलेला सेन्सर हलतो, तिथं दाब अजूनच कमी. हात थरथरत असेल तर जाणत्याकडं द्या. आणि एखादाच ठिपका उरला तर तो एडिटिंगमध्ये दोन क्लिकवर निघतो.

व्हिडिओ ज्या ज्या ग्रुपवर दिसेल तिथं त्या पोराच्या शटरचा फोटो टाका, मी त्याला विचारूनच काढलाय.