सोलर आलं तरी लाईट जातेच

‘छतावर सोलर बसवलं की लाईट जाण्याची कटकट संपली’ हे घरच्या सोलरवरच्या एका लेखात वाचलेलं वाक्य चुकीचं आहे आणि ते वाचून लोक कर्ज काढतील म्हणून लिहितोय. नेट मीटरिंगवर, म्हणजे जास्तीची वीज बाहेरच्या लाईनला देऊन ती बिलात वळती करायच्या सोयीवर, साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या वापरायोग्य करणारा, लाईनला जोडलेला, बॅटरी नसलेला) असेल तर बाहेरची वीज गेली की तो स्वतःहून बंद होतो. तो तसाच बनवलेला असतो, नाहीतर लाईन बंद आहे समजून खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरचा करंट लागेल. आमच्याकडे पाथर्डी फाट्याला मे महिन्यात भर दुपारी लाईट जाते. वर पॅनेल चटके बसतील इतकी तापलेली, इन्व्हर्टरवर लाल दिवा, आणि घरात पंखा बंद! शेजारच्या काकूंना तर वाटलं, आपल्याला फसवलं. विकणाऱ्याने हे आधी एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

लाईट गेल्यावरही घर चालवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाईन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी लागते, आणि तो खर्च चांगलाच वाढतो. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी सोलरच्या किलोवॅटवर ठरते, ३ किलोवॅट किंवा जास्त असेल तरी ७८,००० रुपयेच. बॅटरीचे पैसे आपल्याच खिशातून. बिलाचं म्हणाल तर सोलरचा फायदा खराच आहे, उन्हाळ्यात आमचे युनिट जमा राहतात आणि पावसाळ्यात वळते होतात. स्थिर आकार मात्र दर महिन्याला भरावाच लागतो. कोटेशन घेताना ‘लाईट गेल्यावर काय चालेल?’ हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.