रोइंग मशीनच्या सीटवर उशी बांधू नका: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोइंग मशीनबद्दल (सरकत्या सीटवर बसून, वल्हं मारल्यासारखं हँडल ओढायचं व्यायामाचं यंत्र; सीट ज्या लांब दांड्यावर सरकते ती रेल) एक मेसेज फिरतो आहे. घोडबंदर रोड असो की खारघर, क्लबहाउसच्या जिममध्ये हे मशीन आता सर्रास दिसतं, त्यामुळे तो वाचून करून बघणारेही आहेत. मेसेज थोडक्यात असा:

"रोइंग मशीनवर बुड दुखतं, कारण कंपन्या सीट मुद्दाम कडक देतात. सीटवर सोफ्याचा चार इंची फोम किंवा उशी ठेवा आणि जुन्या ओढणीने खालून घट्ट बांधा. जितकं मऊ तितकं सुरक्षित. सीट अडखळत असेल तर रेलवर खोबरेल तेल किंवा डब्ल्यूडी-४० मारा. पायाचे पट्टे करकचून आवळा, म्हणजे घसरणार नाही. मुंग्या आल्या तर थांबू नका, रक्त फिरू लागल्याची ती खूण आहे."

तक्रार शंभर टक्के खरी आहे. नव्या माणसाला पंधरा मिनिटांत सीट टोचू लागते आणि बरेच जण तेवढ्याच कारणाने मशीन सोडून देतात. पण सुचवलेले उपाय एकाहून एक धोक्याचे आहेत, म्हणून प्रत्येकाचा वेगळा विचार करू.

"सीट मुद्दाम कडक देतात"

हो, मुद्दामच देतात, पण त्याला कारण आहे. खुर्चीवर बसा आणि दोन्ही तळवे बुडाखाली सरकवा. दोन टणक उंचवटे हाताला लागतील. ही बैठकीची हाडं. रोइंग करताना सगळं वजन या दोन हाडांवर पेलायचं असतं, आणि ती स्थिर नसतात. पुढे जाताना धड घड्याळातल्या एकच्या काट्यासारखं झुकतं, मागे आल्यावर अकराच्या. म्हणजे प्रत्येक फेरीत धड जवळजवळ ६० अंशांत डोलतं, आणि त्याबरोबर कमरेचा कटोराही. मिनिटाला २२ फेऱ्या धरल्या तर अर्ध्या तासात ६६० वेळा. या डोलण्याला खाली पक्का आधार लागतो. मऊ गादीत हाडं रुततात, कटोरा जागच्या जागी अडकतो आणि मग वाकतो तो मणका.

शर्यतीच्या बोटीतली सीटही कडकच असते: लाकडाची किंवा कार्बन फायबरची, बहुधा दोन हाडांसाठी दोन भोकं असलेली. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला (एकट्याने दोन वल्ह्यांनी बोट चालवायची शर्यत) १३ वा आला. त्या प्रकारच्या बोटीतली सीटही अशीच कडक. तेव्हा कडकपणाला दोष देण्याआधी माणूस सीटवर बसतो कसा ते बघावं.

दुखण्याची जागा कारण सांगते. दोन हाडांवर ठणका असेल तर तो बहुतेक नवखेपणाचा. आठवड्यात तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं बसलं की दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. माकडहाडाशी दुखत असेल, किंवा नितंबांच्या फटीच्या वरच्या टोकाला सालटं निघत असेल, तर तुम्ही पाठीत पोक काढून मागे रेलता आहात, अकराच्या पलीकडे. मांडीच्या मागच्या बाजूला कड रुतत असेल तर सीटवर फार मागे बसला आहात, किंवा सीट उलटी बसवली आहे. माकडहाडासाठी खाच असलेल्या सीटची खाच पाठीमागे हवी. सर्व्हिसिंगनंतर ती उलटी बसण्याची चूक होते, आणि सीटवर बसणाऱ्याला ते कळत नाही.

"चार इंची फोम ठेवा, ओढणीने बांधा"

या मेसेजमधला हा सर्वांत घातक सल्ला.

आधी उंची. रोइंग मशीनवर तीन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असतात: सीट, पायाची पाटी आणि हँडलची चेन जिथून बाहेर येते ते तोंड. हँडल बरगड्यांच्या खालच्या कडेपाशी आलं की चेन जमिनीला जवळपास समांतर असावी. चार इंच म्हणजे दहा सेंटिमीटर. वजनाने फोम दबून पाच-सहा सेंटिमीटर उरला, तरी माणूस तेवढा वर गेला आणि चेनचं तोंड जागेवरच राहिलं. मग हँडल एक तर मांडीत येतं, किंवा खांदे उचलून ओढावं लागतं आणि चेन तोंडाच्या कडेला घासते. शिवाय मऊ फोमवर शरीर डावी-उजवीकडे डुलत राहतं. ते सावरायला कंबरेचे स्नायू सतत ताणलेले. दुसऱ्या दिवशी कंबर धरते आणि खापर मशीनवर फुटतं.

मग ओढणी. सीटच्या खाली चाकांची गाडी असते. काही चाकं रेलच्या वर चालतात आणि काही खालून रेलला धरून ठेवतात, म्हणून सीट उचकटत नाही. सीटला खालून गुंडाळलेलं कापड नेमकं याच चाकांच्या वाटेत येतं. गाठ सैल झाली किंवा गोंडा लोंबला, की चाक तो आत ओढतं आणि सीट जागीच थांबते. त्या क्षणी माणूस पाय रोवून पूर्ण जोराने मागे निघालेला असतो, पाय पट्ट्यात अडकलेले असतात. सीट थांबते, माणूस थांबत नाही. तो मागे कलंडतो आणि डोकं रेलच्या टोकावर किंवा लादीवर आपटतं. लांब कुर्ता, सैल टीशर्टची मागची कड, झालरीचा टॉवेल यांचाही धोका हाच. कुर्ता कमरेत खोचूनच बसावं.

तिसरी अडचण आपल्या हवेची. सोफ्याचा फोम स्पंजासारखा घाम पितो. पावसाळ्यात खाडीकाठच्या सोसायट्यांत धुतलेले कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तर पाच-सहा जणांचा घाम प्यायलेला फोम कधी वाळणार? त्याला बुरशी धरते, कुबट वास सुटतो, कातडीवर पुरळ उठतं.

या सल्ल्यामागची एक गोष्ट मात्र खरी आहे, ती नाकारू नये. ज्यांच्या मांडीच्या मागच्या शिरा आखडलेल्या आहेत, दिवसभर खुर्चीत बसून काम आहे, त्यांना सीट थोडी उंच झाली तर पुढे झुकणं खरोखर सोपं जातं. थोडी म्हणजे एक-सव्वा सेंटिमीटर, चार इंच नव्हे.

गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांची गोष्ट वेगळी. कॉन्सेप्ट-टू कंपनीच्या रोअर्ग या रोइंग मशीनची सीट जमिनीपासून सुमारे ३६ सेंटिमीटरवर असते, जेवायच्या खुर्चीपेक्षा बरीच खाली. त्यांच्यासाठी सीट उंच करू नये, अख्खं मशीन उंच असावं. त्याच मशीनचा उंच पायांचा प्रकार मिळतो, त्याची सीट सुमारे ५१ सेंटिमीटरवर येते. कमिटी नवीन मशीन घेणार असेल तर आजी-आजोबांचा विचार करून हा मुद्दा मीटिंगमध्ये जरूर मांडावा. आणि बसताना रेल दोन पायांत घेऊन उभं राहायचं, एका हाताने सीट धरून ठेवायची, मग टेकायचं. सीट न धरता बसलं की ती मागे पळते.

मग पॅड लावायचाच असेल तर?

लावा, पण पातळ, घाम न पिणारा आणि न सरकणारा. मुलांच्या खोलीत जोडून अंथरतात त्या ईव्हीए मॅटचा १० ते १२ मिलिमीटर जाडीचा तुकडा उत्तम. तो नसेल तर ६ मिलिमीटरच्या जुन्या योगा मॅटचे दोन थर, सुतार फोमला लावतात त्या रबरी गमने चिकटवून.

सीटवर वर्तमानपत्र ठेवून आकार उतरवून घ्या आणि पॅड सगळीकडून ५ मिलिमीटर आत कापा. कडेबाहेर आलेला पॅड हळूहळू खाली दुमडतो आणि चाकाला लागतो. मागच्या बाजूला मधोमध सुमारे ४ सेंटिमीटर रुंद आणि ६ सेंटिमीटर लांब खाच ठेवा, म्हणजे माकडहाड अधांतरी राहील. हाडांची जागा शोधायला पन्हाळी पुठ्ठ्याचा तुकडा कठीण स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यात त्यावर मिनिटभर बसा, किंचित पुढे झुका आणि उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. बहुतेकांचं १० ते १४ सेंटिमीटर भरतं. तेवढ्याच अंतरावर पॅडला ४ ते ५ सेंटिमीटर व्यासाची दोन भोकं पाडा. दाब हाडांच्या टोकांवरून आजूबाजूच्या मांसल भागावर पसरतो, आणि मुळात पॅड लावायचा तो एवढ्याचसाठी.

चिकटवायला २५ मिलिमीटर रुंदीच्या वेल्क्रोच्या तीन पट्ट्या: खरखरीत बाजू सीटला, मऊ बाजू पॅडला. सीट आधी स्पिरिटने पुसा. घामाचा तेलकट थर राहिला तर पट्टी आठवड्यात सुटते. चिकटवल्यावर २४ तास कोणी बसू नये. मग रिकामी सीट हाताने दहा वेळा रेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या, आणि वाकून चाकं व पॅड यांच्यातली फट बघा. पहिल्या दिवशी पाच मिनिटं पुरे. सोसायटीचं मशीन असेल तर सेक्रेटरींना आधी विचारा. वॉरंटीतल्या मशीनला भोक मारू नका, स्क्रूही नको. जाड पॅडसाठी लांब बोल्ट घातला आणि त्याचं टोक खाली उतरलं, तर ते रेलवर ओरखडा काढत जातं.

सीटचे मूळ बोल्ट मात्र महिन्यातून एकदा ॲलन कीने तपासा. हाताला घट्ट लागले की थांबायचं. अति आवळलं तर प्लॅस्टिकला तडा जातो.

"रेलवर तेल मारा"

चाकं फिरण्यासाठी त्यांना रेलची पकड लागते. तेल लावलं की ती फिरायचं सोडून घसरतात, एकाच जागी झिजतात आणि चपटी होतात. त्या तेलावर धूळ आणि घाम बसून काळी पेस्ट तयार होते. हायवेलगतच्या जिममध्ये तर चार दिवसांत. खोबरेल तेल त्याहून वाईट: ते जानेवारीच्या गारठ्यात थिजतं आणि जुनं झालं की चिकट, खवट होतं.

रेलला फक्त पुसणं हवं, तेही रोज, वापर झाल्यावर. सुती फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं, फार मळ असेल तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मग कोरड्या फडक्याने पुन्हा. फडक्यावर जो काळा पट्टा उमटतो, तोच सीट अडखळवत होता. चाकांवरूनही फडकं फिरवा.

तरीही टकटक येत असेल तर सीट अगदी सावकाश ढकला आणि कान द्या. आवाज रेलवर दर वेळी त्याच ठिकाणी आला तर तिथे मळ चिकटलेला आहे किंवा पोचा आहे. रेलवर कुठेही, ठरावीक अंतराने येत राहिला तर चाक चपटं झालं आहे, ते बदलावं लागेल. चाक बोटाने फिरवल्यावर वाळू भरल्यासारखं खरखरलं तर बेअरिंग गेलं. दमट हवेत त्याला गंज लवकर धरतो.

मेसेज लिहिणाऱ्याचा घोटाळा कुठे झाला असेल तेही समजतं: चेनच्या मशीनला तेल लागतं, पण ते चेनला. कॉन्सेप्ट-टूच्या सूचनेप्रमाणे दर ५० तासांच्या वापरानंतर साधारण एक चमचा थ्री-इन-वन किंवा शुद्ध मिनरल ऑइल कागदावर घेऊन चेनवरून फिरवायचं, उरलेलं पुसून टाकायचं. डब्ल्यूडी-४० वापरू नका, असं त्याच सूचनेत स्पष्ट आहे. चेनऐवजी पट्टा (बेल्ट) असलेल्या मशीनला तेही नको.

"पट्टे करकचून आवळा"

घसरण पट्ट्याने थांबत नाही, पाटीवर पाय दाबण्याने थांबते. पट्टा पावलाच्या सर्वांत रुंद भागावरून, बोटांच्या मुळाशी जावा, आणि बोट आत सरकेल इतका सैल असावा. पुढे आल्यावर टाच थोडी उचलली पाहिजे. करकचून बांधलेल्या पायाची बोटं बधिर होतात आणि माणूस पट्ट्याला ओढून धड वर आणायची सवय लावून घेतो. त्याने पुन्हा माकडहाडावरच भार येतो. रेझिस्टन्सही आधी बघा. हवेच्या मशीनवर डँपर (पंख्यात किती हवा जाते ते ठरवणारी कळ) दहावर ठेवून कोणी बसलेलं दिसलं तर ३ ते ५ वर आणायला सांगा.

"मुंग्या म्हणजे रक्त फिरतंय"

साफ चूक. मुंग्या येणं म्हणजे नसेवर दाब पडणं. थांबा, उठा, दोन मिनिटं चाला. मागच्या खिशातलं पाकीट किंवा मोबाइल काढा, शिवण बरोबर हाडाखाली येणारी चड्डी बदला, सीटवर किंचित पुढे सरकून बसा, आणि दर दहा मिनिटांनी मिनिटभर उभं राहा. एवढं करूनही पुढच्या चार-पाच वेळा मुंग्या येतच राहिल्या तर मशीन बंद ठेवून डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद गेल्यासारखी वाटली, जांघेचा किंवा गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर झाला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर घरी वाट पाहत बसू नका. ताबडतोब, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.