फवारणीने घरातला दमटपणा वाढत नाही – खुलासा

मंडळी, आपल्या सोलापूरच्या झाडवाल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय की फर्न, कॅलाथियाच्या पानांवर दिवसातनं चार-पाचदा पाणी फवारा, खोलीत दमटपणा टिकतो आणि उन्हाळ्यात पानं करपत नाहीत. हे बरोबर नाहीये. झाडाशेजारी हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र) ठेवून बघा, फवारल्या फवारल्या आकडा वर जातो आणि पाणी वाळलं की परत होता तिथंच, आपल्याकडं एप्रिल-मेत पारा चाळिशीपार आणि हवा एवढी कोरडी की पानावरचे थेंब बघता बघता उडतात. वर बोअरचं जड पाणी असलं तर पानांवर पांढरे डाग राहतात ते वेगळंच, आणि बंद खोलीत पानं सारखी ओली राहिली तर बुरशीचे ठिपके पडतात.

खरा फरक पडतो तो ह्युमिडिफायरनं (हवेत दमटपणा सोडणारं यंत्र), किंवा आपला साधा पाण्याचा कूलर असतो ना, त्यानंसुद्धा, फक्त झाड थेट झोतात ठेवू नका. कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर थोडी मदत होते, कुंडीखाली खडे आणि पाणी घातलेली ताटली ठेवली तर अगदीच किंचित. या झाडांना साधारण ५० ते ६० टक्के आर्द्रता मानवते.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढं पाठवू नका, आणि कुणाला आधीच पाठवला असेल तर त्यांना हेही कळवा, ऐन उन्हाळ्यात झाडं जातात हो लोकांची.