सर्दी, बूट आणि नखं कापायची कात्री

हेर्टा म्यूलर या रुमानियात जन्मलेल्या जर्मन लेखिकेवरचा तुमचा लेख चांगला आहे, पण तिच्या कादंबऱ्यांना त्यात 'नुसता काळोख' म्हटलंय, ते काही पटलं नाही. हुकूमशहा चाउशेस्कूच्या रुमानियातली भीती ती रोजच्या किडुकमिडुक वस्तूंतून दाखवते. 'हेर्त्सटियर' (१९९४) या कादंबरीतले मित्र पत्राच्या पाकिटात एक केस घालतात. केस गायब, म्हणजे पत्र कुणीतरी फोडलंय. चौकशी झाली तर पत्रात नखं कापायच्या कात्रीचा उल्लेख, झडती झाली तर बुटांचा, मागावर कुणी असेल तर सर्दीचा. खरोखरच सर्दी झाली तर बिचाऱ्यांनी काय लिहायचं, असा वाह्यात प्रश्न मला वाचताना पडला होता!

हे सगळं हवेतून आलेलं नाही. कारखान्यात अनुवादक असताना तिने गुप्त पोलिसांची खबरी व्हायला नकार दिला, तर ऑफिसातली बसायची जागाच गेली. मग बाई जिन्याच्या पायरीवर रुमाल अंथरून, जाडजूड शब्दकोश मांडीवर घेऊन यंत्रांची माहितीपत्रकं भाषांतरित करत बसायची. हा किस्सा तिने २००९च्या नोबेल भाषणात सांगितलाय. १९८७मध्ये देश सोडला, पण लिखाणातून रुमानिया काही सुटला नाही. लेखात तो रुमाल यायला हवा होता.